पृष्ठभागाची स्थिती

फॉर्मवर चौकोन तीनच :
कोरडा. ओला. बर्फ.
तेवीस वर्षं ग्वाल्हेरच्या विमानतळावरच्या या खोलीत
मी पहिल्यावर खूण करत आलो,
पावसाळ्यात दुसऱ्यावर.
तिसरा म्हणजे छापणाऱ्याची हौस.
त्यावर मी चहाचा कप ठेवायचो.

भदौरिया समोर बसला, उजवा हात गळ्यात बांधलेला.
विमानांना वाट दाखवायचं काम त्याचं.
म्हणाला, बाबूजी, पाला पड़ा था.
मी तसंच उतरवून घेतलं.

चौकशीचे साहेब साताऱ्याकडचे, नवीन बदलून आलेले.
वाचता वाचता चष्मा कपाळावर सरकवला :
पाला? कुठल्या झाडाचा?

अर्ध्या मैलात साधी बाभूळ नाही.

आमच्या लष्करातल्या घरांत दोन्ही पाले नांदतात.
आई मेथी निवडते तो एक,
आणि जानेवारीत नळाच्या तोंडाशी पांढरा धरतो तो.
कुठला कधी, हे जीभ न विचारता ठरवते.
साताऱ्याला हे कसं कळावं.

गोठलेलं दंव, साहेब, मी म्हटलं.
पण दंव एकटं नव्हतंच.
हरविलास माळ्यानं रात्री झेंडूच्या वाफ्याला पाइप लावला होता,
ओल असली की रोपं जळत नाहीत, बापानं शिकवलेलं.
पाणी वाफा ओलांडून टॅक्सीवेवर उतरलं
आणि पहाटेपर्यंत त्याची काच झाली.

दोन सीटांचं शिकाऊ विमान,
ओजस्वी सिकरवार, वय एकोणीस.
तिनं ब्रेक दाबले. चाकं थांबली.
विमान नाही थांबलं.
चरून परतणाऱ्या म्हशीच्या चालीनं
ते तिरकं, निवांत येत राहिलं.
भदौरियानं दिव्याच्या कांड्यांची फुली केली डोक्यावर,
मग कांड्या टाकून दिल्या
आणि म्हशीच्या शिंगाला घालावा
तसा पंखाला हात घातला.
मागे ट्रॅक्टर उभा होता.
मनगट मधे.

फोटो अकरा वाजता काढले.
तोवर ऊन येऊन
एकुलता एक साक्षीदार घेऊन गेलं होतं.
साहेब म्हणाले, कोरडं दिसतंय, कोरडा लिहा.
मी कप उचलला,
कागदावर उमटलेल्या तपकिरी गोलाच्या आत
तिसऱ्या चौकोनात खूण केली.
त्यांनी ती खोडून पहिल्यावर केली.
दोन्ही दिसतात.

भदौरियानं डाव्या हातानं सही केली,
तीही घसरत गेली.

महिन्यानं आदेश आला :
टॅक्सीवेवरील पालापाचोळा रोज पहाटे झाडण्यात यावा.
खोलीभर हसलो आम्ही.

आता पाच वाजता हरविलास
एकही पान नसलेलं काँक्रीट झाडत जातो.
खर्र, खर्र, खर्र,
धुक्यात तो दिसत नाही, नुसता ऐकू येतो.
एखाद्या पहाटे
खराट्याचा आवाज मधेच बंद होतो, सुळ्ळकन.
मी फोन उचलतो.