पाथरवट सांगतो

मला वाचता येत नाही, हे आधीच सांगून टाकतो.
बत्तीस वर्षं मी पेई चूनानच्या अक्षरांवरून छिन्नी चालवली,
एकानंही मला त्याचा अर्थ सांगितला नाही.
मला कळायचं ते इतकंच:
इथं त्यानं श्वास घेतला,
इथं रोखला,
इथं कुणीतरी दार वाजवलं असणार.

मिठाच्या कचेरीत कारकून होता.
दिवसभर पोती मोजायची,
संध्याकाळी नदीकडची खिडकी उघडायची
आणि उरलेल्या सरकारी शाईत पाणी घालून लिहीत बसायचं.
मोत्यासारखं अक्षर म्हटलेलं त्याला खपायचं नाही.
"मोती घरंगळतात," म्हणायचा,
"माझं अक्षर वाऱ्यात उभं राहिलं पाहिजे."

आडवी रेघ तो अशी ओढायचा
जशी पाणक्याच्या खांद्यावर कावड चढते,
आधी जरा खचून, मग उचलून,
शेवटाला घागर टेकवल्यासारखा दाब.
उभी रेघ मात्र एका दमात.
तिच्या शेपटाशी शाई संपत आलेली,
कुंचल्याचे केस फाकलेले,
आणि मधून कागद दिसायचा
विरळ केसांतून टाळू दिसावी तसा.
तेवढं पांढरं दगडात उतरवायला
मला सहा वर्षं लागली.
काळ्याचं काय, ते कुणीही खोदेल.

मग त्यानं वजनात मारल्या जाणाऱ्या मिठाबद्दल
वर एक अर्ज लिहिला.
सुंदर लिहिला असावा,
कारण तो कुणी फाडला नाही, जपून ठेवला,
आणि उजव्या हातावर बांबूचे चाळीस फटके दिले.

दोन हिवाळे तो डाव्या हातानं लिहीत होता.
त्याच काळातला हा पुलाचा लेख.
रेघा थरथरत होत्या, मला वाटलं आपण सावराव्यात,
माणसाची लाज राखावी.
पहिल्या ओळीतल्या चार रेघा मी सरळ केल्या.
त्यानं त्यांवरून बोट फिरवलं,
दुसऱ्या दिवशी नवी शिळा पाठवली,
स्वतःच्या पैशानं.
बायकोचे कानातले विकले होते, हे मला फार उशिरा कळलं.

या दुसऱ्या शिळेवर सगळी थरथर मी जशीच्या तशी उतरवली.
फक्त सातव्या ओळीत छिन्नी सटकली,
एका टिंबाच्या टोकाला टवका उडाला.
मी मान खाली घालून सांगितलं.
तो वाकून बराच वेळ बघत राहिला.
"राहू दे," म्हणाला. "हे तुझं."

त्याला जाऊन अकरा वर्षं झाली.
आता शहरातून गुरुजी पोरांना घेऊन येतात,
ओला कागद शिळेवर थापतात, शाईची पुरचुंडी टिपतात,
आणि काळ्यातून पांढरी अक्षरं वर येतात.
सातव्या ओळीपाशी गुरुजींचा आवाज हळू होतो.
त्या टवक्याला त्यांनी नाव दिलंय, बगळ्याची चोच.
म्हणे पेईसाहेबांची खास लकब,
शंभर वेळा गिरवल्याशिवाय साधत नाही.

मी पुलाच्या तोंडाशी चेस्टनट भाजतो हल्ली,
डोळ्यांनी छिन्नी सोडायला लावली.
काल एका पोरानं ते टिंब
गोल, नीट, टवक्याविना काढलं.
गुरुजींनी टपली मारली.
पोरगं डोळे पुसत माझ्या शेगडीपाशी आलं.
मी काही बोललो नाही.
दोन चेस्टनट जास्त दिले.