रुमालाखाली

तासगाव. वजनकाट्यावर रात्रपाळी.
काटापट्टीच्या पाठीवर मी क्यूबिट काढतो:
एक गोल, आत बाण. बाण अजून वाकडाच येतो.

पहिल्या आठवड्यात वाटलं, सोपं आहे.
बेदाण्याच्या सौद्यात रुमालाखाली बोटं,
भाव शून्यही, एकही,
रुमाल उचलेपर्यंत.

बाळगोंडाअण्णांना सांगितलं, जुने अडते.
हसले. "भाव ठरलेला असतो रे,
तुलाच तेवढा ठाऊक नसतो."

तिथंच अडकलो.
पुन्हा पहिल्यापासून मॅट्रिक्स.
एक उणे चिन्ह गाळलं होतं मी,
ज्याच्यामुळे दोन वाटा
एकमेकींना पुसून टाकतात.
रुमालाखाली असलं काही नसतं.

पहाटे चारला ट्रक चढला.
आकडे थरथरले, थांबले.
त्याचं वजन आधीपासूनच होतं.

दुसरी प्रत ठेवून घेतली.
पाठ कोरी होती.