व्हिजिटिंग चार्ज

फ्रिज बंद पडला मंगळवारी.
बुधवारी पाणी सुटलं, तांबूस, बांगड्यांचं,
ओट्याखालून थेट दारापर्यंत,
आणि शेजारची मांजरं येऊन बसली
रेशनच्या रांगेत बसावीत तशी.

फोन केला. मराठीसाठी दोन दाबा.
दोन दाबलं, तर बाई हिंदीत बोलायला लागली.
तिला वेंगुर्ला सापडेना. पिनकोड दिला.
"मॅडम, आपका एरिया आउटस्टेशन में आता है."
पंचेचाळीस वर्षं मी इथे राहते,
माझं घर बाहेरगावी आहे
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

शनिवारी आला तो, कुडाळहून, बाइकवर.
रोशन पालव. चपला पायरीवर काढल्या, एवढं खरं.
फ्रिज पुढे ओढला, मागे वाकला,
एका स्क्रूला हात लावला न लावला,
म्हणाला, कॉम्प्रेसर गेलाय.
साडेसहा हजार, अधिक गॅस, अधिक टॅक्स.
मी म्हटलं, राहू दे.
मग नुसते साडेचारशे द्या.
कशाचे?
व्हिजिटचे.

चार मिनिटं. घड्याळ बघितलं होतं मी.
मिनिटाला एकशे साडेबारा.

या घरात इनासिन येते मागल्या दाराने,
कढीलिंबाची दोन पानं मागायला,
आणि तासभर लेकाच्या दुबईचं सांगत बसते.
तांडेलांचा बाबलो येतो, पेपर वाचतो,
घडी विस्कटून जातो.
भेटीचं बिल आजवर कुणी फाडलं नाही,
उलट निघताना मीच हातावर नारळ ठेवते.
भेट हा शब्द इंग्रजीत गेला
की महाग होतो काय?

चिडले मी. चांगलीच.
केबलवाला न दिसणाऱ्या चॅनेलांचे घेतो,
बंदरावरून बाजारात यायला रिक्षा ऐंशी मागते,
का, तर "परतीक रिकामी येवची लागता",
बँक माझ्याच पैशांची मला खबर देते
आणि त्या खबरेचे कापून घेते,
हे सगळं साठलेलं त्या पोरावर निघालं.

तो ऐकत राहिला, पान्हा हातात धरून.
मग कंपनीचं मराठी खाली ठेवून म्हणाला,
"काकी, माका त्यातले नव्वद गावतत.
पेट्रोल माजा. टायर माजो.
आनि तुमी तारे कमी दिलात
तर तेवय जातले."

दीड वाजला होता.
इनासिनच्या फ्रीजरात वाचलेल्या बांगड्यांचं
तिखलं शिजत होतं चुलीवर.
म्हटलं, जेवून जा.
तीनदा भात घेतला त्याने.
काटे ताटाच्या कडेला, ओळीने,
उघडलेल्या मशीनचे स्क्रू ठेवावेत तसे.
हात पुसत विचारलं, "किती झाले?"

गंमत होती ती. कळत होतं मला.
तरी तोंडातून निघून गेलं:
तिखल्याचे एकशेवीस, सोलकढीचे तीस,
पाट मांडल्याचे वेगळे,
वाढायला वाकले त्याचे आउटस्टेशन.
तो हसला. मी नाही हसले.
साडेचारशे मोजून दिले, पावती घेतली.
तोही नको म्हणाला नाही.

फ्रिज आता कपाट आहे.
पोहे, गूळ, आमसुलं.
मुंग्या येत नाहीत, हे मान्य करायला हवं.
फक्त दार उघडलं की अजून
मी जरा थांबते, दिवा लागेल म्हणून.

सोमवारी मोबाइलवर विचारणा आली,
आमच्या सेवेला पाचपैकी किती तारे?
पाच दिले. नव्वद रुपयांचे पाच.
खाली चौकट होती, काही सांगायचंय का?
लिहिलं, वेंगुर्ला आउटस्टेशन नाय.
फोन म्हणाला, मजकूर अपुरा,
निदान शंभर अक्षरं हवीत.
मग पुढे लिहीत गेले,
बांगडे ताजे घ्यावेत, डोळे बघून,
तिरफळं ठेचावीत पण वाटू नयेत,
आणि वरून कच्चं खोबरेल,
हात आखडता न घेता.