तिसरी पातळी

आज अठरा मे, पण भाव लावायचा
तो एकतीस मार्चच्या संध्याकाळचा.
शिरोली एमआयडीसी. भट्टीचा धूर काचेवर.

बाजारातले शेअर पाच मिनिटांत उरकले:
साडेतीनचा भाव, गुणाकार, टिक.
बाँडना त्या दिवशी सौदाच नव्हता;
त्यांच्यासारख्या दुसऱ्यांचा घेतला,
मार्केट यार्डात शेजारच्या रव्यावरून
आपल्या गुळाचा अंदाज बांधतात तसा.

राहिले हुपरीच्या कंपनीतले,
जे कुणी कधी विकले नाहीत, मागितलेही नाहीत.
"इथं गिऱ्हाईक कल्पायचं," मी म्हणाले,
"जाणकार, राजीखुशीचं, घाई नसलेलं."
मगदूमकाकांनी समोरच्या रिकाम्या खुर्चीकडं पाहिलं.
"च्या सांगू त्याला?"

मग देण्यांचा तक्ता.
आमची पत घसरली,
म्हणून आमच्याच रोख्यांची किंमत उतरली
आणि तेवढा फायदा दिसू लागला.
"म्हंजे लोकांचा इस्वास उडाला
त्याचं हे सत्तावीस लाख?"
नियम तसाच आहे, काका.

बाहेर साचे फोडायचा आवाज.
त्यांनी सही केली, टोपण लावलं,
दिवा घालवला,
आणि दारातून परत येऊन
ती खुर्ची टेबलाखाली सरकवली.