लागला का?

मी पियानो जुळवतो. तार्तू शहरात,
शाळांतून, चर्चमधून, आणि अशा बैठकीच्या खोल्यांतून
जिथे झाकणावर फोटोंची रांग असते, वाजवणारं कुणी नसतं.
एका सुराला तीन तारा.
दोन जुळल्या आणि तिसरी केसभर ढळली
की आवाजात एक लाट उठते,
बारीक, थरथरती.
ती ऐकणं हा माझा पोटापाण्याचा धंदा.

हल्ली हाच कान मी आत वळवलाय.

पार्नूच्या हॉटेलातला पियानो समुद्राच्या दमटीनं फुगला होता.
काम संपायला रात्र झाली. खाली तुउली होती,
फेरीबोटीवर तिकिटं तपासणारी, हातमोज्यांचा वास हातांना.
तिनं विचारलं, तुझी बोटं इतकी काळी का?
तारांमुळे, म्हटलं.
रबर केव्हा फाटलं कुणालाच कळलं नाही.
कळलं तेव्हा आम्ही हसलो.
हे मी पुन्हा पुन्हा आठवतो: हसलो होतो.

बाराव्या दिवशी घसा दुखला.
जानेवारीत इथे अख्ख्या शहराचा घसा दुखतो,
पण माझा वेगळा दुखला.
न्हाणीघराचं दार लावून, टॉर्च दातांत धरून
मी माझ्याच अंगावर चोरासारखा फिरतो.
मांडीवर एक तीळ.
हा होता का? त्रेचाळीस वर्षं सोबत असेल हा,
आणि आज ओळख पटत नाही.
जबड्याखालच्या गाठी चाचपल्या,
दाबून दाबून दुखवल्या,
मग दुखतात म्हणून रात्रभर जागा.

शाळेतल्या मुलीनं विचारलं, इंद्रेक काका,
एकच पट्टी इतक्या वेळा का वाजवता?

झोया नावाची नर्स. टेबलावर कॅलेंडर, त्यावर कुणाचं तरी मांजर.
पंचेचाळीस दिवस, ती म्हणाली, मग रक्त.
मी दिवस मोजले. एमायोगीवर बर्फ धरला,
मासे पकडणारे स्टुलं घेऊन त्यावर बसले,
त्यांच्या भोकांतलं काळं पाणी बघत मी पुलावर उभा राहायचो.
सेहेचाळिसाव्या दिवशी कागद आला: काही नाही.
काही नाही म्हणजे नक्की किती नाही?
विल्यांदीला जाऊन पुन्हा दिलं, तिथे मला कुणी ओळखत नाही.
काही नाही.
मग परत झोयाकडे.

तिनं सुई काढलीच नाही. विचारलं,
तिला फोन केलात?
कशाला?
ती कशी आहे ते विचारायला.

खोटं का सांगू, मला हे सुचलंच नव्हतं.
इतके दिवस ती माझ्या डोक्यात
एक दार होती, ज्यातून काहीतरी आत आलं.

तुउलीनं फोन उचलला. मागे इंजिनची घरघर.
नाव सांगितल्यावर बराच वेळ नुसतं इंजिनच.
मग म्हणाली, मी तीनदा तपासून आले.
तुझ्यामुळे. तुझी ती काळी बोटं
साबणानं धुतली होतीस की नाही, हेही आठवत बसायचे मी.
म्हणजे तिच्या आरशातला डाग मी होतो.
मी, जो न्हाणीघरात गाठी मोजत होतो.
आम्ही हसलो नाही. ती म्हणाली, तिकिटं तपासायची आहेत,
आणि तरी फोन ठेवला नाही.
मीही ठेवला नाही.

आज श्रीमती कुउझिक यांच्याकडे होतो.
नवरा गेला त्या वर्षापासून पियानो बंद.
एक गोष्ट मी गिऱ्हाइकांना सांगत नाही:
पियानोत एकही पंचम पूर्ण शुद्ध ठेवता येत नाही,
थोडं थोडं बेसूर सगळीकडे वाटून द्यावं लागतं,
तेव्हा कुठे वाजतो.
त्या दारातून म्हणाल्या, लागला का?

माझा हात गळ्याकडे गेला.
गाठीपर्यंत.
मग आठवलं, त्या सुराचं विचारतायत.

लागला, म्हटलं. जवळजवळ.