सहाशेवर

फ्रेडरिका बाईंनी दोन्ही लेन्स टेबलावर मांडल्या
गेलेल्या माणसाचे जोडे मांडावेत तशा, शेजारी शेजारी.
म्हणाल्या, "विमानात एवढं ओझं आता नको.
एक तू घे, ओराबिले. हप्त्याने दे पैसे.
दुसरी माऊनला विकेन."

आमच्याकडे पैशाला पुला म्हणतात,
पुला म्हणजेच पाऊस.
त्या वर्षी माझ्याकडे दोन्ही बेताचेच.

एक प्राइम. सहाशेची. ना पुढे, ना मागे.
तांदळाच्या पिशवीवर मान टेकल्याशिवाय
बघणार नाही म्हणजे नाही.
दुसरी झूम, दीडशे ते सहाशे,
कडं फिरवलं की लांबते, उलट फिरवलं की आखडते,
आणि दर खेपेला ख्वाईची चिमूटभर धूळ
तपकिरीसारखी आत ओढून घेते.

"वापरून बघ दोन दिवस," बाई म्हणाल्या,
आणि चहात बिस्किट बुडवायचं विसरून
नदीकडे बघत राहिल्या.

पहिला दिवस प्राइमचा.
मकोरो भाचा हाकत होता, त्शियामो, काठीचा आवाज न करता.
उजाडलंही नव्हतं धड.
पलीकडे जॅकलबेरीच्या फांदीवर बिबळ्या,
माझ्या डोळ्यांना नुसता एक फुगवटा,
आणि भिंगाला मात्र मिशांच्या मुळाशी ठिपक्यांच्या ओळी,
खालच्या ओठावर वाळलेलं रक्त.
होता नव्हता तेवढा उजेड
त्या थोरल्या तोंडाने ओंजळीत धरला होता.
मी मनात हिशेब मांडला: बारा हप्ते, चौदा हप्ते, जमेल.

तेवढ्यात लव्हाळं फाकलं आणि हत्ती.
आठ पावलांवर.
सोंड नाही, सुळे नाहीत, कान नाही, आभाळ नाही;
चौकटीत फक्त सुरकुत्या आणि एक डोळा.
मागे सरकायला जागा होती ती पाण्याची.
त्शियामो पुटपुटला, "मामा, हलू नकोस,"
म्हणून मग मी एवढंच केलं: बोट दाबलं.

दुसरा दिवस झूमचा.
रानकुत्री अकरा, पिल्लं धरून.
लांब होती तेव्हा लांबची मिळाली,
जीपच्या चाकाशी आली तेव्हा चाकाशी मिळाली,
एकही निसटलं नाही.
पाहुण्यांनी पाठ थोपटली, टपालाचे पत्ते दिले.
संध्याकाळी मासेखाऊ घुबड बसलं ओंडक्यावर,
वर्षातून एकदा दिसावं असं,
आणि अंधार भिंगात मावेना;
फोटोत घुबड कमी, वाळू जास्त.

रात्री गाओने भांडी घासत होती.
तिला विचारलं तर म्हणे,
"उचलवेल ते घे.
मागल्या हिवाळ्यात पाठ धरली तेव्हा तेल मी चोळलंय,
त्या बाईच्या नवऱ्याने नाही."

झूम घेतली.
हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागायला
माझ्या घरी दुसरं कुणी मिळवतं नाही.
प्राइम खोक्यात गेली. बाईंनी कुलूप लावलं,
मग पुन्हा उघडून तिच्या पट्ट्यावरून एकदा हात फिरवला.

पण पाहुणे नसतात त्या पहाटे
मी कड्यावर काळी चिकटपट्टी लावतो,
सहाशेवर. घट्ट.
मग जे जवळ येईल ते हुकेल, हुकू दे.
अर्धी म्हैस येते, नुसती शिंगं येतात,
खंड्या चौकटीच्या कडेने निघून जातो.
त्शियामोला वाटतं मामाचं डोकं फिरलं.

चुलीच्या वर खिळ्याला तो डोळा आहे.
जवळ जाऊन बघितलं तर त्याच्या ओल्या काळ्यात
आमची होडी दिसते, राईएवढी,
काठी धरून ताठ उभा त्शियामो,
आणि त्याच्यापुढे कुणीतरी बसलेलं,
तोंडाच्या जागी एक गोल भिंग.

पट्टी दुपारी काढतो.
तिचा चिकटा कड्यावर राहतो थोडा,
आणि त्याला धूळ लागते.