उभं पाणी

बर्फाचा कारखाना बंद पडला त्याला सात वर्षं झाली,
तरी फरशीतून बांगड्याचा वास जात नाही.
तिथंच, आंब्याच्या पेट्यांवर घालतात त्या निळ्या ताडपत्रीवर
आम्ही अकरा जण पहाटे सव्वापाचला
पाठ ताठ करून बसतो.
नऊ बायका. दहावा मी.
अकरावा कारखान्याचा कुत्रा,
आणि खरं सांगायचं तर
शवासन त्याच्याइतकं कुणालाच जमत नाही.

मृणाल आचरेकर, आरोग्य केंद्रातून निवृत्त झालेली नर्स,
अजून सुई टोचताना बोलायची तशीच बोलते :
सैल सोडा. काही होत नाही.
पहिल्या दिवशी म्हणाली, श्वास मोजा.
मोजणं हे तर माझं कामच.
एकतीस वर्षं कॅशियर, विजयदुर्ग शाखा.
मी श्वास घेतला आणि नकळत
अंगठा जिभेला लावला.

शंभर झाले की रबर.
अशा गड्ड्या रोज रचायचो छातीत,
आणि घरी येऊन चहा पिताना
शिल्लक बघावी तर
काही नाही.

"मधे थांबा," ती एकदा म्हणाली,
"घेतलेला सोडायच्या आधी.
तिथं कुणी नसतं. तिथं बघा."
कुणी नसतं तर बघायचं कुणाला?
शेजारची पार्वती तारकर,
जिच्या उजव्या गुडघ्यात वाळू कुरकुरते,
हळूच म्हणाली,
"अवो, भरती सरता नि सुकती लागाची आसता,
तेव्हा पाणी उभां रवता. तसां."

मग मी थांबू लागलो.
आधी नुसती कानात गाज.
मग पोट. मग कालची आमटी.
पुढं कितीतरी दिवस काहीच नाही.
आणि ऑगस्टात एकदा,
बाहेर होड्या झापांखाली शाकारलेल्या असताना,
त्या उभ्या पाण्यात एक माणूस दिसला.
मला वाटलं, देव असेल.

दाजी मोंडकर निघाला.
आमच्या शाखेतला शिपाई, हातात पाण्याचा जग.

त्र्याण्णव सालचा मार्च. कॅशमध्ये दोन हजार कमी.
साहेबांनी विचारलं, काउंटरच्या आत कोण कोण आलं होतं?
मी खोटं बोललो नाही.
मी फक्त श्वास घेतला
आणि सोडायच्या आधी थांबलो.
तेवढ्या थांबण्यात दाजीची नोकरी गेली.

जूनमध्ये एक काजूवाला येऊन
दोन हजार परत देऊन गेला, चुकून जास्त आले म्हणाला.
मुलीची सायकल आली. लाल.

मृणालला काही बोललो नाही.
ताडपत्री झटकली, घडी घातली,
आणि आठच्या होडीनं खाडी ओलांडली.

दाजी पडवीत सुंभ वळत होता,
पायाच्या अंगठ्यात एक टोक,
मांडी घातलेली, पाठ सरळ,
मला आठ महिन्यांत न साधलेली.
"कॅशर काय?" म्हणाला.
मी सगळं सांगितलं. सायकलीसकट.
तो वळत राहिला. काथ्याची धूळ उन्हात उडत राहिली.
आतून भांडं पडल्याचा आवाज आला, कुणी उचललं.
सुंभाची गाठ दातांनी आवळून
त्यानं विचारलं,
"सायकल बरी चल्ली मां?"

परतीच्या होडीत कोण कोण होतं, आठवत नाही.
कोळंबीची टोपली होती, तिच्यातलं पाणी
माझ्या चपलेवर ठिबकत होतं
आणि मी पाय हलवला नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा फरशी, पुन्हा बांगड्याचा वास.
डोळे मिटले.
मृणाल म्हणाली, सैल सोडा. काही होत नाही.
"होतं," मी म्हणालो.
मोठ्यानं निघालं असावं,
कारण कुत्र्यानं एक डोळा उघडला,
माझ्याकडं पाहिलं,
आणि बऱ्याच वेळानं मिटला.